ला. रा.

ट्यूब लागलेली होती, पंखा फिरत होता, टीव्हीवर रात्रीच्या बातम्या चालू होत्या. ताटावरून उठता उठता आप्पांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "लाईट आली का गं?"

"अजून न्हाई. बाराला येनार हाय," आई आतून म्हणाली.

माझं लग्न होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. नवरा दादरचा. पलूस तालुक्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात तो पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. त्यानं एकदा वर ट्यूबकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पाहुण्यानं गप्प बसावं तसा गप्प बसला. रात्री माडीवर अंथरुणं घातल्यावर त्यानं हळूच विचारलं, "लाइट तर होते की. मग आप्पा काय विचारत होते?"

आप्पा रानातली लाईट विचारत होते. घरात असते ती सिंगल फेज, गावठाणच्या फीडरवरची, म्हणजे गावाच्या वेगळ्या वीजवाहिनीवरची. मोटरीला लागते ती थ्री फेज, शेतीच्या फीडरवरची, आणि ती पाळीनं येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यामुळं आमच्याकडं लख्ख उजेडात बसलेला माणूस 'लाईट न्हाई' म्हणतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. शेजारचे अण्णा बांधावरून हाक मारून विचारतात, "लाईट हाय का?" त्याला कधी कधी उत्तर येतं, "घरात हाय, रानात न्हाई." हे सगळं नवऱ्याला सांगायला मला पाव तास लागला. तोवर मला स्वतःलाही कधी जाणवलं नव्हतं, की रोज दहादा तोंडात येणाऱ्या या शब्दाचा अर्थ घराच्या उंबऱ्याशी बदलतो.

तेव्हापासून या शब्दानं माझा पिच्छा सोडलेला नाही. मी सांगलीत बँकेत नोकरी करते, भाषेचा अभ्यास मी केलेला नाही. पण आमच्या घराचं सगळं वेळापत्रक, आप्पांची झोप, आईची काळजी, उसाचं पाणी हे सगळं ज्या एका शब्दावर टांगलेलं होतं, तो इंग्रजीतून आलाय म्हणून त्याला कुणी पाहुणा म्हटलं, की मला मनापासून वाईट वाटतं.

आधी त्याचं व्याकरणच बघा. नवरा म्हणाला, "लाइट होते." पुण्यामुंबईकडं 'लाइट गेले', 'लाइट आले' असं पुष्कळजण म्हणतात. तिकडं अनेक दिवे एकदम जातात आणि एकदम येतात. आमच्याकडं ती एकटी असते. ती जाते, ती येते, ती 'ये-जा करती', ती 'लपंडाव खेळती'. इंग्रजी शब्दाला लिंग नसतं. आमच्या लोकांनी त्याला ते दिलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणं आधीपासून घरात असलेल्या वीज आणि बत्ती या दोघींकडं बघून दिलं. एकदा लिंग दिल्यावर पुढचं सगळं आपोआप झालं. भिंत – भिंतीचा, तशी लाईट – लाईटीचा. लाईटीचा खांब, लाईटीची तार, लाईटीच्या भरवशावर राहू नको. अनेकवचनही भिंतीसारखंच: गाडीच्या लाईटी, मांडवाच्या लाईटी. शाळेत शिकलेली माणसं 'लाईटचा' म्हणतात, मीही बँकेत तसंच म्हणते. पण आई जेव्हा 'लाईटीचा खांब' म्हणते तेव्हा तो शब्द मराठी व्याकरणाच्या सगळ्या पायऱ्या उतरून पार तळाशी आलेला असतो. असा शब्द परका कसा म्हणायचा?

वीज हा शब्द होताच की आपल्याकडं, मग लाईट कशाला, असं विचारणारे भेटतात. वीज होती, पण ती आभाळातली होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती उघडली, तर वीज म्हणजे ढगांत चमकते ती. आमच्या गावात आजही बोलण्यात ती तिथंच आहे. वीज पडून म्हैस गेली, वीज कडाडली की तवा अंगणात फेकायचा, विजेच्या वेळी झाडाखाली थांबायचं नाही. जिच्या नावानं पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात, तिचंच नाव स्वयंपाकघरातल्या बटणाला द्यायला माणसं धजली नसावीत. कागदावर मात्र वीजच राहिली. बिलावर वीजबिल छापलेलं असतं आणि आई ते वाचून म्हणते, "लाईटबिल आलंय बघ." छापायचा शब्द एक, बोलायचा दुसरा, आणि दोघांचं एकमेकांशी काही भांडण नाही.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर जत तालुक्यातल्या एक बाई बसतात. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. दुपारी जनरेटरचा आवाज सुरू झाला की त्या फोनवर घरी सांगतात, "करंट होतु." म्हणजे करंट गेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले, कारण आमच्याकडं करंट जात नाही, करंट बसतो. ओल्या हातानं बटण दाबलं तर करंट बसतो, उघड्या वायरीला हात लागला तर करंट बसतो, फ्रिजचं दार करंट मारतं. पन्नास-साठ मैलांच्या अंतरात दोन भाषांनी एकाच गोष्टीसाठी इंग्रजीतूनच शब्द घेतला, पण त्यांनी वाहणारं नाव घेतलं आणि आम्ही उजेडाचं. आमच्या आज्ज्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा पाहिली ती छताला लोंबणाऱ्या बल्बच्या रूपात. मोटर, गिरणी, टीव्ही, मोबाईल नंतर आले. पण सगळ्याला नाव त्या पहिल्या बल्बचंच राहिलं. गिरणीवाला अंधाऱ्या खोलीत पांढरं तोंड घेऊन बसलेला असतो आणि सांगतो, "लाईट न्हाई, दळान ठेवून जावा." त्याला उजेडाशी काही देणंघेणं नसतं.

आप्पांनी मला पहिल्यांदा रात्री रानात नेलं तेव्हा मी सातवीत होते. दादा आजारी होता आणि बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाटाच्या कडेनं चिखल, पायात आप्पांच्या मापाचे गमबूट. विहिरीजवळ पत्र्याची पेटी. आप्पांनी ती काठीनं उघडली, कारण आत कधी पाल असते, कधी साप. पेटीत तीन छोटे दिवे होते: लाल, पिवळा, निळा. तीन फेजचे तीन. "तिन्ही डोळं लागल्यालं दिसतात न्हवं? नीट बघ," ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. लाल होता, पिवळा होता, निळा जेमतेम, राखेतल्या निखाऱ्यासारखा. आप्पा थांबले. बटण दाबलं नाही. आम्ही बांधावर बसलो, बॅटरी विझवून, सेल वाचवायला.

एक फेज कमी असताना मोटर चालू केली तर ती फिरत नाही, नुसती गुंगुं करते. उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो, आतली तांब्याची वेटोळी तापतात आणि मोटर जळते. मग ती विहिरीतून वर काढायची, ट्रॉलीत घालायची, रिवायंडिंगला न्यायची, आणि तोवर ऊस वाळत बघायचा. काहीजण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढतात. आप्पांनीही एकदा तसं केलं होतं आणि महिन्याभरात मोटर जळली होती. त्यामुळं ते थांबायचे. त्या रात्री आम्ही तासभर थांबलो. दूर किर्लोस्करवाडीच्या बाजूला आभाळ जरा उजळलेलं दिसत होतं. १९१० साली माळावर वसवलेली ती वाडी. आमच्या विहिरीतली मोटरही तिथंच बनलेली, असं आप्पा अभिमानानं सांगायचे. मग पेटीत निळा डोळा नीट लागला. आप्पांनी कोरड्या काठीनं हिरवं बटण दाबलं. आधी घूं, मग पाइपात हवेचा आवाज, मग खोकल्यासारखं पाणी आलं आणि एकदम धार लागली. आप्पांच्या तोंडून निघालेला "आली!" हा शब्द मला अजून ऐकू येतो. पाणी आलं, पण ते 'आलं' म्हणाले नाहीत. आली, म्हणाले.

नंतर सकाळपर्यंत ते दारं धरत होते. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून ती बंद करायची, पुढची फोडायची. मी बांधावर गोणपाट पांघरून झोपले. शिराळ्याकडं आणि कराडकडं आता उसात बिबट्या असतो. आमच्याकडं तेव्हा भीती सापाची होती. ती आजही आहे.

ही लाईट येते कुठून, असं मी लहानपणी विचारलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं: कोयनेतून. खरं तर आपल्या तारेतली लाईट कुठल्या केंद्रातून आली हे कुणालाच सांगता येणार नाही, सगळं एकाच जाळ्यात मिसळतं. पण आमच्या नदीच्या माणसाला कोयनाच आठवणार. पाटण तालुक्यात धरण, त्यात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. त्यातलं दर वर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेला वळवायचं, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली कोकणात पोफळीकडं सोडायचं आणि त्या पडण्यावर जनित्रं फिरवायची. पहिली जनित्रं फिरली १९६२ साली. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. फिरवून झालं की ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं, परत येत नाही. उरलेलं पूर्वेला येतं. त्यातलं काही धरणाच्या पायथ्याच्या छोट्या वीजगृहातून सुटतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि आमच्या गावावरून पुढं सांगलीला जातं. म्हणजे आप्पा ज्या पाण्यानं ऊस भिजवतात, त्यातल्या काहीनं वाटेत एखादी लाईट लावलेली असते. हे मी मोठी झाल्यावर त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग थकून येत असंल पानी आपल्याकडं."

आमच्या वरच्या वस्तीवर एक काकी होत्या. त्यांना सगळे 'कोयनंच्या काकी'च म्हणायचे. त्यांचं माहेरचं गाव धरणात गेलेलं. लहानपणी बैलगाडीतून भांडीकुंडी घेऊन निघाल्याचं त्या सांगायच्या. त्यांच्या भावकीतली काही घरं खाली न उतरता तिथंच वर डोंगरात सरकली. त्यांच्याबद्दल काकी एकच वाक्य बोलायच्या: "तारा डोसक्यावरनं गेल्या, घरात चिमणीच." चिमणी म्हणजे रॉकेलचा छोटा दिवा. माझ्या मनात लाईट या शब्दाची सगळ्यात कडू बाजू हीच आहे. एखाद्याच्या डोक्यावरून जाणं आणि त्याच्या घरात येणं यांत किती वर्षांचं अंतर असू शकतं, हे मला त्या पाच-सहा शब्दांनी समजलं.

घरात आल्यावरही लाईटीला सगळी घरं उघडी झाली नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आई तिन्हीसांजेला म्हणते, "देवाम्होरं दिवा लाव." देवघरात बटणावरचा लाल बल्ब चोवीस तास असतो, त्याला ती 'देवाची लाईट' म्हणते. पण दिवा म्हणजे निरंजन, तूप आणि वात. लाईट बंद करता येते, घालवता येते, विझवताही येते. दिव्याला मात्र आई निरोप देते. समई विझली असं ती कधी म्हणत नाही, शांत झाली म्हणते. आषाढ अमावस्येला घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले जातात, कणकेचे दिवे उकडले जातात, आणि त्या मांडामांडीत ट्यूबलाईटीला कुणी हळदकुंकू वाहत नाही. आप्पा मात्र दसऱ्याला मोटरीच्या पेटीला झेंडूचा हार घालतात. म्हणजे लाईटीला अवजारात जागा मिळाली, देवांत मिळाली नाही.

बोलण्यातही तसंच. वंशाचा दिवा असतो, वंशाची लाईट नसते. 'काय दिवे लावलेस', 'काय उजेड पाडलास' असं रागावतात, त्या रागात लाईट बसत नाही. टेंभा मिरवतात. दिव्याखाली अंधार असतो. ज्या म्हणींत पिढ्यानपिढ्यांचं बोलणं मुरलंय तिथं दिवाच आहे. लाईटीनं आपल्यासाठी वेगळी जागा केली: मठ्ठ पोराला 'ट्यूबलाईट' म्हणायचं, उशिरा समजलं की 'आता पेटली ट्यूब'. जुन्या ट्यूबा लागताना लुकलुकायच्या, म्हणून तो शब्द. माझ्या भाच्याच्या घरात सगळे एलईडी आहेत. बटण दाबलं की क्षणात उजेड. तो 'ट्यूबलाईट' हा टोमणा वापरतो, पण लुकलुकणारी ट्यूब त्यानं नीट पाहिलेलीही नाही. वस्तू गेली तरी तिचा टोमणा मागं राहिला, हे मला फार आवडतं.

मग दुसरी लाईट आहे. हलकी. दोन वर्षांपूर्वी आईला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर राउंडला आले, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "आता आठ दिवस जेवण लाईट घ्यायचं." आई मान डोलावून हो म्हणाली. ते गेल्यावर मला विचारलं, "म्हंजे काय घ्यायचं?" मी म्हटलं, "हलकं, मऊ. भात, मुगाचं वरण." "मग हलकं म्हनायचं की," ती म्हणाली. तिला साड्यांच्या दुकानातला 'लाईट कलर' समजतो, दुकानात ती स्वतः 'जरा लाईटमधलं दाखवा' म्हणते. नातू 'आज्जी, लाईट घे गं' म्हणतो तेव्हा हसतेही. पण अन्नाला हा शब्द लागतो हे तिला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात रात्री दवाखान्यात बसून मी मोबाईलवर या शब्दाची मुळं शोधत राहिले. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. लिहायला आणि बोलायला एकसारखे, पण कुळं निराळी. उजेडाचा लाईट ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच कुळात संस्कृतातला रुच् आहे, म्हणजे चमकणं, आणि त्यातून आपली रुची, आपलं रुचणं. हलका या अर्थाचा लाईट ज्या कुळातला आहे, तिथला संस्कृत शब्द लघु. त्या लघूमधली अक्षरं प्राकृतात उलटीपालटी होऊन हलुअ झालं, आणि त्याच वाटेनं आपला 'हलका'. म्हणजे डॉक्टर 'लाईट' म्हणाले आणि आई 'हलकं म्हनायचं की' म्हणाली, तेव्हा दोघंही हजारो वर्षांमागं एकाच घरातून निघालेला शब्द बोलत होते. पलंगावर आई झोपली होती, सलाईन चालू होतं, आणि मला हे कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं. सकाळी तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं चुकलं न्हाई म्हन की." तिचं चुकलं नव्हतंच.

पण या शब्दाचं जे वजन मी स्वतः सोसलं, ते २०१९च्या ऑगस्टमधलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही विश्रामबागेत होतो. गावात पाणी शिरल्यावर आईआप्पांना वरच्या अंगाच्या एका शाळेत हलवलं होतं. एका संध्याकाळी आईचा फोन आला. मागं गुरांचा आवाज, माणसांचा गलका. "आमी बरं हाय. लाईट न्हाई, फोन बंद पडंल. काळजी करू नगो..." पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर चार दिवस काही नाही. तिथल्या सगळ्यांचे फोन मेलेले. मी तोच नंबर लावत होते आणि तीच बाई तेच वाक्य ऐकवत होती. मी किती वेळा म्हणाले असेन, 'तिथं लाईट नाही ना, म्हणून लागत नाही', हे मला मोजता येणार नाही. नवऱ्याला म्हणाले, जावेला म्हणाले, बँकेतल्या बाईंना म्हणाले, रात्री एकटीच म्हणाले. दुसरं कारण असू शकतं हे मनात येऊ नये म्हणून मी त्या वाक्याला धरून होते. आयुष्यात पहिल्यांदाच लाईट नसणं हा मला आधार वाटत होता.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. आप्पा. मी "आप्पा" म्हणायच्या आत ते म्हणाले, "लाईट आली."

एवढंच. कसे आहात, घर पडलं का, म्हैस सोडवली का, हे सगळं नंतर आलं. त्या दोन शब्दांत आधी सगळं आलेलं होतं. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं काही वाईट झालं. मी त्याला सांगितलं, "लाईट आली." आणि माझ्या लक्षात आलं, की तोही आता ते तसंच बोलतो. तो आईला फोन घेऊन म्हणाला, "आई, आली ना लाईट?" आली, म्हणाला. आले नाही.

पाणी उतरल्यावर गावात बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले होते. चिखलात उभे राहून खांब सरळ करत होते, गाळानं भरलेले मीटर काढत होते. आईनं दोघांना चहा दिला. तिला त्यांची बोली नीट कळत नव्हती. एकजण खांबावरून ओरडून विचारत होता, "मावशी, लाइन आली का?" आई म्हणाली, "लाइन न्हाई, लाईट आली." तिला वाटलं तो चुकीचा शब्द बोलतोय.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक गठ्ठा निघाला. जुनी कॅलेंडरं, सुतळीनं बांधलेली, बावीस वर्षांची. आई ती टाकत नाही, कारण गाय कधी फळली, सोसायटीचा हप्ता कधी भरला, हे सगळं तिथं असतं. प्रत्येक महिन्याच्या चौकोनांत आप्पांचं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं बारीक अक्षर. 'दूध ६'. 'खत ४ पोती'. 'मोटर रिवा.' आणि जवळजवळ प्रत्येक आठवड्यात तीनचार वेळा: 'ला. रा.' दुसऱ्या काही चौकोनांत 'ला. दि.' लाईट रात्री, लाईट दिवसा. मी पानं उलटत गेले आणि मोजायला लागले, मग मोजणं सोडून दिलं. ज्या रात्री मी दहावीचा अभ्यास करत होते, ज्या रात्री दादाला ताप होता, ज्या रात्री आम्ही सगळे गावच्या जत्रेत होतो, त्या सगळ्या रात्रींच्या चौकोनांत ती दोन अक्षरं होती.

मग मी मुद्दाम माझ्या लग्नाचं साल काढलं, महिना काढला. चौकोनात मोठ्या अक्षरांत, पेनानं, दोनदा गिरवून लिहिलं होतं: 'ताईचं लग्न'. त्याच्याखाली, शिसपेन्सिलीनं, नेहमीच्या आकारात: 'ला. रा.'

मी कॅलेंडर घेऊन खाली गेले. आई भांडी पुसत होती. "आई, त्या रात्री आप्पा रानात गेले होते?"

तिनं पान बघितलंसुद्धा नाही. "गेलते की. तुझी गाडी गेल्यावर कापडं बदलून गेलते. ऊस लागनीचा हुता, पाळी सोडून चालती व्हय?"

पाठवणीच्या वेळी आप्पा जीपच्या खिडकीला हात लावून उभे होते. सतत घड्याळ बघत होते. मला तेव्हा वाटलं होतं, उशीर झालाय म्हणून.

आता वरच्या रानात नव्या विहिरीवर सोलर पंप बसलाय. त्याला तार नाही, फेज नाही, तीन डोळे नाहीत. ऊन पडलं की पाणी चालू होतं, दिवसाढवळ्या, आणि आप्पा टोपी घालून, तंबाखू मळत, दारं धरतात. खालच्या रानातली जुनी मोटर आहे तशीच आहे, पाळीवर. परवा गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड या वर्षीचं कॅलेंडर पाहिलं. 'ला. रा.' होतं, पहिल्यासारखंच. पण आषाढाच्या पानावर काही चौकोनांत त्याच्याखाली आणखी एक शब्द दिसला. सलग नऊ दिवस, त्याच शिसपेन्सिलीनं, त्याच बारीक अक्षरात: 'ढग'.